दोन चौकोन आणि मी

मित्रांनो, मी एक जुना रंग आहे, भिंतीचा. मला पाहायचे असेल तर तुम्हाला एक भले मोठे लाकडी कपाट सरकवावे लागेल, आणि ते तुमच्यासाठी कोणी सरकवणार नाही. तेव्हा पाहण्याचा हट्ट सोडा आणि नुसते ऐका. तुम्ही जुन्या वस्तूंच्या पुष्कळ कहाण्या ऐकल्या असतील. त्या बिचाऱ्या झिजल्या, तुटल्या, पण कोणाविषयी वाईट बोलल्या नाहीत. माझे तसे नाही. माझा स्वभाव जळका आहे, आणि ही गोष्ट माझ्या जळण्याचीच आहे.

माझा जन्म एका दुकानात झाला. दुकानदाराने पांढऱ्या रंगाच्या डब्यात कसले कसले थेंब टाकले, झाकण ठोकून बसवले आणि डबा यंत्रात घालून असा घुसळला की मला आजही कधीकधी गरगरते. रंगांच्या छापील तक्त्यावर माझे नाव 'कोवळी सकाळ' असे होते. सकाळ नेमकी कोणत्या रंगाची असते हे मला विचारू नका. मीही कधी कोणाला विचारले नाही. नाव गोड होते, तेवढ्यावर मी खूश होतो.

ज्या घरात मी आलो, त्या घरात नुकतीच नवी सून आली होती. पुढच्या खोलीला रंग द्यायचा होता. ही खोली म्हणजे घरातले सगळे जिथे बसतात, चहा पितात, पेपर वाचतात आणि एकमेकांना टाकून बोलतात ती. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"आमच्याकडे पहिल्यापासून पांढराच असतो," त्या म्हणाल्या.

 नव्या सुनेने फक्त तक्त्यावरच्या माझ्या नावावर बोट ठेवले आणि ते उचललेच नाही. सासूबाईंनी त्या बोटाकडे पाहिले, मग सुनेच्या तोंडाकडे पाहिले. मला वाटले, आता आपली रवानगी परत दुकानात. पण त्या रंगाऱ्याला म्हणाल्या, "लाव बाबा तिच्या मनासारखा. तिला इथे जन्म काढायचाय."

अशा रीतीने मी भिंतीवर चढलो. आधी भिंत घासून झाली, खड्डे लांबीचा लगदा भरून बुजवले गेले, मग माझा पहिला हात बसला आणि तो वाळल्यावर दुसरा. रंगारी जुन्या वळणाचा होता. कोपरेसुद्धा त्याने ब्रशने असे भरले की तिथे कोळ्यालाही जाळे लावताना संकोच वाटावा. मी वाळलो न वाळलो तोच सुनेच्या माहेरून ते कपाट आले आणि एका भिंतीला लागले. घरातल्या गाद्या, चादरी, रजया सगळे त्याच्या पोटात गेले. त्यानंतर त्याला हलवण्याची कोणाची छाती झाली नाही. माझा तेवढा भाग अंधारात गेला. तिथले मला काही कळत नसे. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते?

बाकी मात्र मी स्वतःला दिवसभर पाहू शकत असे. चारही भिंतींवर मीच. इकडच्या भिंतीवरून तिकडच्या भिंतीकडे पाहिले की मीच दिसायचो. सुरुवातीला पाहुणे आले की पाऊल आत टाकताच म्हणत, "काय प्रसन्न वाटतं हो इथे." सून खाली मान घालून चहाचे कप मांडायची, पण तिचे कान माझ्याकडे असत. मी तेव्हा फुगायचो. तुम्ही म्हणाल, रंग फुगला तर पोपडा येतो. मी मनातल्या मनात फुगायचो.

वर्षे गेली. घड्याळासाठी माझ्यात खिळा ठोकला गेला. एका मुलाने माझ्यावर पेन्सिलीने आगगाडी काढली आणि ती पुसताना तिथे ढग तयार झाला. जिथे सासरे पेपर वाचायला टेकत, तिथे त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडला. सासूबाई गेल्या. नवी सून नवी राहिली नाही. तिचा धाकटा दीर मोठा झाला. पाहुणे येत राहिले, पण प्रसन्न वगैरे म्हणेनासे झाले. ते आता सांधेदुखीविषयी बोलत. घरातले लोक या खोलीला 'बिस्किटी खोली' म्हणू लागले. मी समोरच्या भिंतीवर पाहिले. होतोच मी बिस्किटी. मला वाटले, मी पहिल्यापासून असाच असणार. रोज जो पाहतो त्याला फरक कळत नाही, मित्रांनो. हे मी तेव्हा शिकलो असतो तर पुढचा ताप वाचला असता.

मग धाकट्या दिराचे लग्न झाले आणि घरात दुसरी सून आली. तेव्हापासून पहिली झाली थोरली आणि ही धाकटी. धाकटी हसरी होती, भराभर बोलायची आणि कुठलीही वस्तू उचलून म्हणायची, "हे इथे ठेवलं तर?" थोरली म्हणायची, "ते तिथेच असतं." यात भांडण काही नव्हते. थोरलीने कधी आवाज चढवला नाही आणि धाकटीने कधी उलट उत्तर दिले नाही. वस्तू मात्र जिथल्या तिथे राहिल्या.

खिडकीखाली ओल येऊन माझे दोनचार पोपडे सुटले, आणि सासऱ्यांनी जाहीर केले, "पुढच्या खोलीला रंग काढायचा."

हे मला झोंबले. मी इतकी वर्षे इथे उभा, आणि दोन पोपड्यांसाठी मला झाकून टाकणार? पण खरी मिरची पुढे लागली. नवा रंगारी आला. हा तरुण होता, गळ्यात रुमाल आणि कानावर पेन्सिल. थोरलीने एक रंग सांगितला आणि धाकटीने दुसरा. तो म्हणाला, "तक्त्यावर बघून काही कळत नाही, वहिनी. दोन्हीचे नमुने लावून ठेवतो. सकाळी बघा, दिव्यात बघा, मग सांगा." आणि कपाटाच्या समोरच्या भिंतीवर, बरोबर माझ्या छातीवर, त्याने दोन चौकोन रंगवले. उरलेल्या रंगाच्या दोन डब्या आणि एक जुना ब्रश खिडकीत ठेवून तो गेला.

डावा चौकोन थोरलीचा. फिकट राखाडी. तिच्या एका मैत्रिणीच्या नव्या घरात तसा होता म्हणे. उजवा धाकटीचा. हिरवा. पण हिरवा म्हणजे कसा, तर नुकत्याच उमललेल्या पानाचा असतो तसा, आत थोडा पिवळा उजेड असलेला.

राखाडीचे मला काही वाटले नाही. तो आपला कोपऱ्यात बसलेल्या लांबच्या नातेवाईकासारखा होता, असला काय आणि नसला काय. पण तो हिरवा! खिडकीतून ऊन आले की आधी त्याच्यावर जाऊन बसे. दूधवाला दारातून डोकावला तरी त्याची नजर हिरव्यावर. शेजारीण आली, राखाडीकडे पाहून "छान आहे" म्हणाली, आणि बोलता बोलता पाहत राहिली हिरव्याकडे. मी त्या दोघांच्या चहूबाजूंनी पसरलेलो होतो, खोलीभर होतो, पण एकानेही माझ्याकडे पाहिले नाही. उलट हिरव्याशेजारी मी आणखीच कळकट दिसू लागलो. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, त्यातली गत. माझ्या पोटात दुखू लागले. माझ्या हातात असते तर मी त्याच्याखालून पोपडा काढून त्याला जमिनीवर आपटले असते. पण मी पडलो चांगल्या हाताने लावलेला रंग. मला तिथे धड सुटताही येईना.

तेव्हा मी ठरवले, झाकले जायचेच आहे तर राखाडीखाली जाऊ. त्या हिरव्याखाली नको.

या बाबतीत थोरली आणि मी एका पक्षात होतो. एकदा ती तिच्या नवऱ्याला म्हणाली, "सगळे तिच्याच रंगाकडे बघतात. मी काय इतकी वर्षं नुसती भिंतीला टेकून होते?" नवऱ्याने पेपर थोडा वर धरला. मला मात्र तिचे बोलणे इतके पटले की तिचा हात धरावासा वाटला, पण भिंतीला ते जमत नाही.

रंगारी विचारायला आला तेव्हा काहीच ठरले नव्हते. तो परत गेला. सासऱ्यांना कौल लावला तर ते म्हणाले, "दोन्ही चांगले आहेत," आणि फिरायला निघून गेले. दोघी आपापल्या नवऱ्याला विचारायच्या, तर एकाला ऑफिसात काम निघायचे आणि दुसऱ्याला फोन यायचा.

मग एक गंमत सुरू झाली. एका दुपारी थोरली वर कपडे वाळत घालायला गेली. धाकटी खोलीत आली, इकडेतिकडे पाहिले, खिडकीतली हिरवी डबी उघडली आणि आपल्या चौकोनाच्या कडेला ब्रशाचा एक पट्टा ओढला. लहानसाच. चौकोन थोडा मोठा दिसला तर बरा वाटेल, एवढाच तिचा विचार असावा. दुसऱ्या दिवशी धाकटी आंघोळीला गेली असताना थोरली आत आली. तिने दोन्ही चौकोन पाहिले, डोळे बारीक केले आणि राखाडीला एक पट्टा जोडला. मग काय विचारता! रोज दोन्हीकडून एकेक पट्टा. दोघी बोलत काही नव्हत्या, कारण बोलणार कोणत्या तोंडाने? हात दोघींचेही रंगलेले. चौकोनांचे आधी ताट झाले, मग पाट झाला, मग खिडकीएवढे झाले. आणि जागा कोणाची जात होती? माझी. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात, ते म्हणणारा भिंतीचा रंग नसावा.

एका संध्याकाळी सासरे पेपर खाली ठेवून भिंतीकडे पाहत राहिले. "हे डाग वाढतायत," ते म्हणाले, "की माझी दृष्टी जातेय?"

"उजेडामुळे तसं दिसतं, बाबा," थोरली म्हणाली.

"हो ना, मलाही तसंच दिसतं," धाकटी लगेच म्हणाली.

बऱ्याच दिवसांनी त्या दोघींचे एका गोष्टीवर एकमत झाले होते. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पेपर वर घेतला.

इथपर्यंत मला हे सगळे हसण्यावारी नेता येत होते. पण त्याच आठवड्यात धाकटी नवऱ्याबरोबर या खोलीत बसली होती. घरात बाकी कोणी नाही असे त्यांना वाटत होते. "ती दोन खोल्यांची जागा घेऊन टाकू," ती म्हणाली. "मालकाला रविवारपर्यंत सांगायचंय."

"रंगावरून घर सोडायचं?" नवरा म्हणाला.

"रंगावरून नाही रे. ताई वाईट नाहीत. पण मी आल्यापासून इथे सगळं आधीच ठरलेलं आहे. कोणता डबा कुठे, पडदे कुठले, कोण कुठल्या खुर्चीत. मी पाहुण्यासारखी वावरते. एक भिंत मागितली मी. ती पण मिळणार नसेल तर इथे माझं काय आहे, तूच सांग."

तो म्हणाला, "शनिवारी रंगारी येतोय. तोवर थांब. राखाडी ठरला तर रविवारी चावी घेऊन येऊ."

मला दिसत होते ते त्यांना दिसत नव्हते. आतल्या दारापाशी थोरली उभी होती, हातात घड्या केलेले कपडे घेऊन. तिने सगळे ऐकले होते. ती आवाज न करता मागे वळली आणि कपडे तसेच घेऊन गेली. खरे सांगतो, त्या क्षणीही माझ्या मनात पहिला विचार हाच आला की चला, राखाडी जिंकला तर हिरवा या घरातूनच जाईल. मग सासऱ्यांच्या रिकाम्या पडणाऱ्या संध्याकाळी डोळ्यांपुढे आल्या आणि मला स्वतःची थोडी लाज वाटली. थोडीच वाटली. जळणाऱ्याला लाजेपुरती जागा कमी असते.

शनिवारी सकाळी रंगारी आला. भिंतीकडे पाहून त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि डोके खाजवले. "मी एवढे मोठे लावले होते?" तो म्हणाला. सासऱ्यांनी पुन्हा चष्मा पुसला. "बरं झालं. निम्मं काम झालंय. आता तेवढं सांगा, कोणता?"

थोरलीने बोट राखाडीकडे उचलले आणि खाली घेतले. धाकटी खिडकीबाहेर पाहत होती. मग सासरे म्हणाले, "आधी खोली रिकामी करा. कोणताही लावला तरी घासावं तर लागेलच."

खुर्च्या गेल्या, घड्याळ उतरले. राहिले कपाट. दोन्ही भावांनी गाद्या आणि रजया बाहेर काढल्या, रंगाऱ्याने एक बाजू धरली, त्यांनी दुसरी, आणि कुरकुरत, फरशीवर ओरखडे काढत ते कपाट भिंतीपासून सुटले.

मी समोरच्या भिंतीवरून पाहत होतो. कपाटामागे धूळ असेल, जळमटे असतील, एखादा हरवलेला चेंडू असेल अशी माझी समजूत होती. ते सगळे होतेच. पण त्यामागे भिंतीवर कपाटाच्या आकाराचा एक रंग होता. हिरवा. नुकत्याच उमललेल्या पानाचा, आत थोडा पिवळा उजेड असलेला. मला वाटले, त्या मेल्याने तिथेही शिरकाव केला.

रंगारी दोन पावले मागे आला. त्याने कपाटाच्या जागेकडे पाहिले, मग वळून धाकटीच्या चौकोनाकडे पाहिले. खिडकीतल्या हिरव्या डबीचे झाकण काढून त्याने ते त्या जागेला टेकवले. झाकणाची कड कुठे संपते ते दिसेना.

"हा तर तोच आहे, काका. नाव तेव्हा काही असो, रंग तोच. उजेड आणि धूर लागला नाही म्हणून इथे शाबूत राहिलाय."

मित्रांनो, मला समजायला वेळ लागला. तिथे कोणी शिरले नव्हते. तिथे मीच होतो. ज्या दिवशी कपाट लागले त्या दिवशी जसा होतो तसा. महिनाभर ज्याच्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला, ज्याला मी उठता बसता शिव्या दिल्या, तो मीच होतो, तरुणपणीचा. कोणाशी बोलावे तेच मला कळेना.

 मग सासरे म्हणाले, "थोरल्या सूनबाई, हा तू आणलेला. तुझ्या सासूला पांढरा हवा होता. तू त्या कागदावर बोट ठेवलंस ते काढायलाच तयार नव्हतीस."

थोरली त्या जागेजवळ गेली. तिने पदराने तिथली धूळ पुसली, थोडीशीच, हाताला पोचेल तेवढी. "असा होता?" ती म्हणाली. "मला वाटायचं, बिस्किटीच होता." मग ती धाकटीकडे वळली. "तुला कसा काय सुचला गं हा?"

"काही नाही, ताई," धाकटी म्हणाली. "पहिल्यांदा या खोलीत आले ना, तेव्हाच वाटलं होतं, इथे हाच हवा. तुम्हाला नको असेल तर राहू दे. माझं काही म्हणणं नाही."

मी थोरलीकडे पाहत होतो. आमचा दोघांचा पक्ष होता ना. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर तेच आले जे माझ्या पोटात होते. ही पोर काल आली आणि माझेच मला दाखवते, असे काहीतरी. तिने राखाडीकडे एकदा पाहिले. तो बिचारा चौकोन महिनाभर मन लावून वाढला होता. मग ती रंगाऱ्याला म्हणाली, "हिरवा लाव. तिच्या मनासारखा."

"नक्की ना, वहिनी? मग पुन्हा बदलायचं म्हणाल."

"नक्की. तिला इथे जन्म काढायचाय."

हे शब्द मी आधी एकदा ऐकले होते, याच खोलीत. ते थोरलीलाही आठवले असावेत, कारण बोलून झाल्यावर ती एकदम पाठ फिरवून चहा टाकायला निघाली. धाकटी जागच्या जागी उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याने खिशातून फोन काढला आणि बाहेर जाऊन कोणाला तरी सांगितले की जागा दुसऱ्या कोणाला द्यायची असेल तर द्या. धाकटी थोरलीच्या मागे स्वयंपाकघरात गेली. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, तिथल्या भिंतींचा रंग वेगळा आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही. चहाला मात्र नेहमीपेक्षा उशीर झाला.

दुपारपर्यंत मी तीन भिंतींवरून घासला गेलो. पॉलिश पेपरखाली भुकटी होऊन पडताना मी शेवटचे पाहिले ते हे की रंगारी कपाटाच्या जागेकडे ब्रश घेऊन निघाला आहे. धाकटी मध्ये आली.

"तेवढा राहू दे," ती म्हणाली. "तो ताईंचा आहे."

"मागे कोण बघणार, वहिनी?"

"कोणी नाही. तरी राहू दे."

कपाट पुन्हा जागेवर गेले. म्हणून मी आहे, आणि म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगता येते. आता पाहुणे येतात आणि आत पाऊल टाकताच म्हणतात, "काय प्रसन्न वाटतं हो इथे." आता मी तेवढाच उरलो, म्हणून ते मला कपाटाच्या फळीआडून ऐकू येते. थोरली म्हणते, "हिची निवड," आणि धाकटी म्हणते, "ताईंचीच हो."

मित्रांनो, भिंतीला तेलकट डोके टेकू नका, पेन्सिलीने आगगाड्या काढू नका, ओल दिसली तर वेळेवर बघा. आम्हाला रंगांना तेवढे पुरते. आणि कोणी नवा आला, सगळे त्याच्याकडेच पाहू लागले, आणि तुमच्या पोटात दुखू लागले, तर शिव्या द्यायच्या आधी घरातले जे कपाट कधी हलवले नाही ते थोडे सरकवून पाहा. मदतीला दोघे-तिघे घ्या, एकट्याने होत नाही.

मी सुधारलो असे मात्र समजू नका. समोरच्या भिंतीवर ऊन येते आणि माझ्याकडे अंधार असतो, तेव्हा मी त्याच्यावर अजून जळतो. पण आता घरातल्या धाकट्यावर जळावे, तेवढेच.